अनुनादी ध्वनिकोष्ठाची रचना : प्रकाशध्वनिक मापन आणि विदर्भातील तापमान

प्रास्ताविक

ठराविक वारंवारतेने चालू-बंद होणारा प्रकाश वायूवर पडला असता तो शोषणारे रेणू तापतात, वायूचा दाब त्याच लयीत कमी-अधिक होतो आणि अतिक्षीण ध्वनी निर्माण होतो. हा प्रकाशध्वनिक परिणाम अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८८० मध्ये प्रकाशकिरणावरून संभाषण पाठविण्याचे प्रयोग करताना आढळला. १९७१ मध्ये क्रूझर यांनी लेसरच्या साहाय्याने नायट्रोजनमधील मिथेन शतकोटी भागांत १० भाग इतका अल्प असतानाही ओळखून दाखविला. १९७३ मध्ये ड्यूई व सहकाऱ्यांनी याच ध्वनीचे अनुनादाने वर्धन केले.

नागपूर जिल्ह्यात कोराडी, खापरखेडा व मौदा येथे कोळशावर चालणारी औष्णिक विद्युत केंद्रे आहेत. कोळशाच्या ज्वलनातून बाहेर पडणारा नायट्रोजन डायऑक्साइड निळा प्रकाश चांगला शोषतो, आणि निळे अर्धवाहक लेसर आज स्वस्त आहेत. म्हणून रामटेकसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेलाही हे मापन आवाक्याबाहेरचे नाही. मात्र कोष्ठाची रचना परक्या हवामानातील ग्रंथांवरून जशीच्या तशी उचलता येत नाही. प्रस्तुत लेखात त्याचे कारण मांडले आहे.

कोष्ठाची मापे

दोन्ही टोकांस उघडी, १० सेंमी लांब व ३ मिमी त्रिज्येची पितळी नळी घेऊ. टोकांबाहेरील हवाही कंपनात भाग घेत असल्याने नळीची परिणामी लांबी त्रिज्येच्या सुमारे १.७ पट वाढून १०.५ सेंमी होते. ही लांबी अर्ध्या तरंगलांबीइतकी धरल्यास २५ अंश सेल्सिअसला अनुनादी वारंवारता सुमारे १६४५ हर्ट्झ येते. दाबाचा प्रस्पंद बिंदू नळीच्या मध्यावर असतो. ध्वनिग्राहक तेथेच बसवावा.

खिडक्यांच्या काचाही थोडा प्रकाश शोषतात व नेमक्या त्याच वारंवारतेचा ध्वनी करतात. वारंवारता एकच असल्याने हा गोंगाट इलेक्ट्रॉनिक गाळणीने वेगळा काढता येत नाही. त्यासाठी नळीच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी सुमारे ५ सेंमी लांबीचे, म्हणजे पाव तरंगलांबीचे, रुंद कक्ष जोडतात. खिडकीकडून येणारा ध्वनी तेथेच बराचसा अडतो.

गुणवत्ता गुणांकाचा मोह

हवेच्या विष्यंदितेमुळे व उष्णतावहनामुळे भिंतीलगतच्या अत्यंत पातळ थरात ध्वनीची ऊर्जा खर्च होते. वरील नळीसाठी हिशेब केल्यास गुणवत्ता गुणांक सुमारे ३७ येतो, म्हणजे अनुनादाचा पट्टा साधारण ४४ हर्ट्झ रुंद असतो. गोलाकार, त्रिज्यीय कंपनाच्या कोष्ठात हा गुणांक कित्येक शेकडा असू शकतो. नवशिक्या संशोधकास त्याचे आकर्षण वाटते, आणि प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नव्हता.

परंतु ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. हिवाळ्यातील पहाटे १० अंशांस वरील नळीची वारंवारता १६०५ हर्ट्झ असेल, तर मे महिन्यातील ४५ अंशांच्या दुपारी ती १७०० हर्ट्झपर्यंत जाईल. लेसर १६४५ हर्ट्झवरच स्थिर ठेवला, तर त्या दुपारी मूळ संदेशाच्या दोन पंचमांशांहूनही कमी संदेश हाती येईल. हवा तेवढीच दूषित असूनही उपकरण ती स्वच्छ दाखवील! ५०० गुणांकाच्या कोष्ठात तर एका अंशाच्या फरकानेच संदेश जवळजवळ निम्म्यावर येतो.

उपाय

कोष्ठ ५० अंशांवर स्थिर ठेवणे हा सोपा मार्ग होय. बाहेरची हवा त्याहून नेहमीच थंड असल्याने केवळ तापकावर भागते, शीतकाची गरज पडत नाही. आत येणारी हवाही आधी तापलेल्या धातूच्या वेटोळ्यातून आणावी, अन्यथा भिंतीचे तापमान मोजले जाईल, हवेचे नव्हे. कोष्ठ गरम असल्याने पावसाळ्यात खिडक्यांवर दव धरत नाही, हा आणखी एक लाभ.

एवढ्याने प्रश्न पुरता सुटत नाही. बाष्प हवेहून हलके असल्याने श्रावणातील दमट हवेत ध्वनी किंचित जलद जातो आणि वारंवारता सुमारे १० हर्ट्झने सरकू शकते. ३७ गुणांकाच्या नळीत याने दशांशभर संदेश घटतो. म्हणून एका कक्षात लहान ध्वनिवर्धक बसवून, लेसर बंद ठेवून, १६९० ते १७४० हर्ट्झपर्यंत स्वर फिरवावा आणि प्रतिसाद जेथे सर्वाधिक मिळेल तेथे लेसरची वारंवारता आणून ठेवावी. पावसाळ्यात हे दर तासाला करावे, इतर ऋतूंत दिवसातून दोनदा पुरे.