नवरा स्पॉन्सर करतो, पण पीआर बायकोची असते

जयगडसारख्या बंदराच्या गावात परदेश ही काही नवलाई राहिलेली नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी बोटीवर नोकऱ्या केल्या, नंतरचे लोक कुवेत, दुबई, सौदीला गेले. आता मुलींसाठी स्थळं येतात ती कॅनडा आणि ब्रिटनमधूनही. बोलणी करताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मुलाला पीआर आहे, निकाह झाला की तो बोलावून घेईल." घरचे खूश होतात. पुढे कागद काय लागतात, अर्ज कोणाचा असतो, मुलीचा हक्क काय, हे कोणी विचारत नाही.

आम्ही शाळेत शिकवतो. उर्दू आणि मराठी दोन्ही येतं म्हणून लोक निकाहनामा घेऊन येतात, "याचं जरा इंग्रजी करून द्या" म्हणतात. त्या निमित्ताने अर्ज पाहायला मिळतात आणि लक्षात येतं की चुका बहुतेक अर्ज भरण्याच्या आधीच झालेल्या असतात, निकाहच्या दिवशीच. म्हणून हा विषय सोप्या भाषेत मांडतो आहोत. मुख्यतः कॅनडाबद्दल बोलू, शेवटी थोडं ब्रिटनबद्दल.

आखाती व्हिसा वेगळा, पीआर वेगळी

आपल्याला सवय आहे ती आखातातल्या फॅमिली व्हिसाची. तिथे नवऱ्याच्या नोकरीवर बायकोचा व्हिसा उभा असतो. त्याची नोकरी गेली, त्याने व्हिसा रद्द केला, की बायको-मुलांना परतावं लागतं. कॅनडाची पीआर, म्हणजे कायम रहिवासाचा हक्क, तशी नाही. नवरा (किंवा बायको) फक्त स्पॉन्सर असतो. मुख्य अर्जदार ही आपली मुलगी असते. अर्ज मंजूर होऊन ती तिथे पोहोचली की पीआर तिच्या स्वतःच्या नावावर असते. तिला नोकरी करता येते, शिकता येतं, सरकारी आरोग्यसेवा मिळते. मतदान मात्र करता येत नाही.

पूर्वी काही जोडप्यांना एक अट होती: दोन वर्षं एकत्र राहिलं नाही तर पीआर जाऊ शकत असे. ती अट एप्रिल २०१७ मध्ये काढून टाकली. त्यामुळे आता "माझं ऐकलं नाहीस तर तुझी पीआर कॅन्सल करीन" असं कोणी म्हणत असेल तर ती पोकळ धमकी आहे. पीआर मिळाल्यावर नवऱ्याला ती काढून घेता येत नाही. लग्नच खोटं होतं, फक्त कागदासाठी केलं होतं, असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. आणि पीआर मिळायच्या आधी, अर्ज चालू असताना, स्पॉन्सर आपलं नाव मागे घेऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

फोनवरचा निकाह: सगळ्यात मोठी अडचण

मुलाला रजा नाही, तिकीट महाग आहे, मग फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर निकाह लावायचा आणि कागद पुढे पाठवायचे, असं काही घरांत होतं. कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी हा निकाह चालत नाही. ११ जून २०१५ पासून तिथला नियम असा आहे की लग्नाच्या वेळी वर आणि वधू दोघंही प्रत्यक्ष हजर हवीत. एकाच्या वतीने दुसरा उभा राहिला, किंवा फोन, फॅक्स, इंटरनेटवरून लग्न लागलं, तर ते स्पॉन्सरशिपसाठी धरलं जात नाही, मग ते आपल्या देशात वैध असलं तरीही. सवलत आहे ती कॅनडाच्या लष्करात असलेल्यांपुरती.

फोनवरच्या निकाहची शरीयतची बाजू आलिमांना विचारावी, तो आमचा विषय नाही. कागदाची बाजू एवढीच की मुलगा इथे आल्यावर दोघांच्या हजेरीत निकाह व्हावा आणि त्याच खऱ्या तारखेची नोंद व्हावी. आधी फोनवर झालं असेल तर ते लपवू नका आणि तारीख मागची टाकू नका.

आपल्याकडे वधू आत बसते, वकील आणि दोन साक्षीदार तिची संमती घेऊन बाहेर येतात. ही रीत आहे आणि असू द्या. पण निकाहनाम्यावर सही तिने स्वतःच्या हाताने करावी, आणि ती त्याच ठिकाणी, त्याच समारंभात हजर होती हे अर्जात स्पष्ट लिहावं.

निकाहनामा हवाच, पण तेवढ्यावर थांबू नका

निकाहनामा म्हणजे आपल्या दृष्टीने सगळं आलं. परदेशी अधिकारी मात्र सरकारी नोंदीचा दाखला बघतो. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंद होते. गावात हे काम ग्रामपंचायतीत होतं, शहरात नगरपालिकेत. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत केलं तर उशिराचा दंड लागत नाही. वर, वधू, तीन साक्षीदार आणि निकाह लावणाऱ्या काझींची सही लागते. सुप्रीम कोर्टानेही फेब्रुवारी २००६ मध्ये सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं सांगितलं आहे. मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला असतो, म्हणून निकाहच्या दुसऱ्याच आठवड्यात हे काम उरकून घ्या. तो परत गेल्यावर सहीसाठी धावाधाव होते.

निकाहनामा उर्दूत, दाखला मराठीत. कॅनडाला इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं, आणि अधिकृत भाषांतरकार नसेल तर भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. घरच्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही. चुलत्याला इंग्रजी उत्तम येतं, तरी त्याच्याकडून करून घेऊ नका.

नावांचा घोळ

हा घोळ आम्ही रोज वर्गात पाहतो. एकच मुलगी शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी, पासपोर्टवर तिसरी. मोहम्मदचं कुठे मोहंमद, कुठे नुसतं मोहद. निकाहनाम्यात घरगुती नाव. परदेशी अधिकाऱ्याला ही एकच व्यक्ती आहे हे कसं कळणार? नियम सोपा ठेवा: पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव निकाहनाम्यात आणि नोंदणीत लिहा. काझींना आधीच पासपोर्टची झेरॉक्स द्या. लग्नानंतर नाव बदलणं पीआरसाठी गरजेचं नाही. बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव ठेवून अर्ज होतो, आणि पुष्कळदा तेच सोयीचं पडतं.

स्पॉन्सर कोण होऊ शकतो

स्पॉन्सर १८ वर्षांवरचा, कॅनडाचा नागरिक किंवा पीआर असावा लागतो. पीआरवाला असेल तर तो कॅनडातच राहत असला पाहिजे. बायको-नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपला सहसा ठरावीक उत्पन्नाची अट नाही. पण अपंगत्व सोडून इतर कारणाने सरकारी मदतीवर जगणारा, दिवाळखोरीत असलेला, आधीच्या पत्नी-मुलांची पोटगी थकवलेला माणूस स्पॉन्सर होऊ शकत नाही. तो स्वतः जुन्या बायकोच्या स्पॉन्सरशिपवर पीआर झाला असेल तर पाच वर्षं नव्या बायकोला बोलावू शकत नाही. स्थळ पाहताना हे सरळ विचारा: "तुम्हाला पीआर कशी मिळाली?" यात लाजण्यासारखं काही नाही.

पीआर घेताना त्याने स्वतःला अविवाहित दाखवलं आणि लग्न आधीच झालेलं होतं, तर त्या बायकोला पुढे स्पॉन्सर करता येणं फार कठीण होतं. पहिली बायको असताना दुसरी बायको म्हणून येणाऱ्या मुलीला स्पॉन्सर करता येत नाही. आपल्या कायद्यात काय चालतं हा मुद्दा तिथे येत नाही.

स्पॉन्सर सरकारला लेखी हमी देतो की बायको पीआर झाल्यापासून तीन वर्षं तिचा खर्च तो भागवील. मध्ये तलाक झाला, नोकरी गेली, तरी ती हमी संपत नाही. या काळात तिने सरकारी आर्थिक मदत घेतली तर पैसे त्याच्याकडून वसूल होतात.

मुलीचा किंवा मुलाचा आधी तलाक किंवा खुला झालेला असेल तर आधीचं लग्न कायद्याने संपल्याचा पक्का कागद लागतो. एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने निरर्थक ठरला आहे. त्या चिठ्ठीवर अर्ज टिकत नाही.

लग्न खरं आहे हे दाखवायचं कसं

अधिकाऱ्याला एकच गोष्ट पाहायची असते: हे नातं खरं आहे का? घरच्यांनी ठरवलेलं लग्न कॅनडाला मान्य आहे. आयएमएम ५५३२ या फॉर्ममध्ये ओळख कशी झाली, कोणी जुळवलं, समारंभाला कोण होतं, त्यानंतर किती वेळा भेटलात, हे विचारतात. नवरा-बायकोची उत्तरं जुळली पाहिजेत. म्हणून दोघांनी आपापली उत्तरं स्वतः लिहावीत. एजंटने भरलेला फॉर्म मुलीने वाचलेलाच नसतो, आणि मुलाखतीत सासरच्या गावाचं नावसुद्धा चुकतं.

पुरावा म्हणजे लग्नाचे फोटो, निमंत्रण पत्रिका, कॉल आणि मेसेजच्या नोंदी, पाठवलेले पैसे, विमानाची तिकिटं. काही घरांत पर्द्यामुळे बायकांचे फोटो काढत नाहीत. अशा वेळी गप्प बसू नका. कारण लिहून द्या आणि काझींचं पत्र, हॉलची पावती, दोन्ही कुटुंबांतल्या लोकांची प्रतिज्ञापत्रं जोडा. नातं खरं असेल तर कागद कुठे ना कुठे सापडतोच.

खोटं मात्र एक ओळही लिहू नका. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं कॅनडात अर्ज करायला बंदी येते. तलाकशुदा किंवा विधवा मुलीने आधीच्या लग्नाची मुलं लपवली तर त्या मुलांना पुढे बोलावणं अडतं. मुलं सोबत जात नसली तरी त्यांची नावं लिहाच.

अर्ज, पैसे, वेळ

अर्ज ऑनलाइन होतो. स्पॉन्सरचा आणि मुलीचा अर्ज एकत्रच जातो. एप्रिल २०२४ मध्ये ठरलेले दर असे होते: स्पॉन्सरशिप ८५ डॉलर, अर्जाची प्रक्रिया ५४५, पीआर हक्काचं शुल्क ५७५, म्हणजे एकूण १,२०५ कॅनेडियन डॉलर, आणि बोटांच्या ठशांसाठी वेगळे ८५. हे दर दोन वर्षांनी वाढतात, म्हणून भरण्याच्या दिवशी सरकारी वेबसाइटवर पाहा.

पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसमार्फत मिळतं. १८ वर्षांनंतर, गेल्या दहा वर्षांत, मुलगी आखातात सलग सहा महिने किंवा जास्त राहिली असेल तर त्या देशाचंही लागतं. मेडिकल तपासणी कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरकडेच होते. ठसे द्यायला व्हिसा अर्ज केंद्रात, बहुतेकांना मुंबईला, जावं लागतं. वर्षभर किंवा त्याहून जास्त वेळ धरून चला. "सहा महिन्यांत नेतो" या शब्दावर मुलीची नोकरी किंवा बी.एड. सोडवू नका.

पैसे घेऊन अर्ज भरून देणारा माणूस कॅनडाचा वकील किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा सदस्य असला पाहिजे. त्या संस्थेची यादी ऑनलाइन खुली आहे. नाव नसेल तर पैसे देऊ नका. अर्ज नाकारला गेला तर स्पॉन्सरला ३० दिवसांत अपील करता येतं.

ब्रिटनचं वेगळं आहे

ब्रिटनमध्ये बायकोला लगेच कायम रहिवास मिळत नाही. आधी दोन वर्षं नऊ महिन्यांचा व्हिसा, मग अडीच वर्षांची मुदतवाढ, आणि पाच वर्षांनंतर कायम रहिवासाचा अर्ज. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जासाठी वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावं लागतं, आणि मुलीला इंग्रजीची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. म्हणजे तिथे पाच वर्षं मुलीचा मुक्काम नवऱ्याच्या नात्यावर अवलंबून असतो. स्थळ ठरवताना हा फरक माहीत हवा.

मुलीच्या हातात काय असावं

निघताना आपण तिला दागिने देतो, मसाले देतो, सुकी मासळी देतो. त्यासोबत एक फाइल द्या. त्यात निकाहनामा, नोंदणीचा दाखला, दोन्हींची भाषांतरं, पीआरचे कागद आणि शिक्षणाची प्रमाणपत्रं यांच्या प्रती असू द्या. ऑनलाइन खात्याचा ईमेल आणि पासवर्ड तिचा स्वतःचा असावा. पासपोर्ट आणि पीआर कार्ड तिच्याच ताब्यात राहावं. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिलं तर पीआर टिकते आणि १,०९५ दिवसांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, हे तिला तोंडपाठ असावं.

बहुतेक मुलं चांगली असतात, बहुतेक संसार नीट चालतात. पण वाईट दिवस आलाच, तर सातासमुद्रापलीकडे मुलीजवळ आईबाप नसतात, कागद असतात. ते तिच्या नावाचे आहेत आणि तिला वाचता येतात, एवढी खात्री निकाहच्या आधी करून घेणं हे आपलं काम आहे.