‘उद्या या’ची किंमत

दाखला काढायला गेलेली बाई संध्याकाळी रिकाम्या हाताने परतली की घरचे विचारतात, “झालं का काम?” ती म्हणते, “उद्या बोलावलंय.” या ‘उद्या’चा हिशेब कुणी मांडत नाही. आम्ही मात्र तो बैठकीत मांडतो, कारण त्याचा फटका गटाच्या वहीत दिसतो. ज्या महिन्यात दाखल्यांची धावपळ असते, त्या महिन्यात बचत हटकून उशिरा जमा होते.

आपल्या उलव्याचेच बघा. उलवे पनवेल तालुक्यात आहे, पण पनवेल महापालिकेत नाही. नवी वसाहत उभी केली सिडकोने, तिचे कार्यालय बेलापूरला. शेजारच्या गव्हाण, वहाळला ग्रामपंचायती. तहसील पनवेलला, जिल्हाधिकारी अलिबागला. आणि रस्त्यावर धावणारी बस नवी मुंबई महापालिकेची! कोणत्या कागदासाठी कोणत्या दिशेला तोंड करायचे, इथूनच सुरुवात.

११ नोव्हेंबर २०१८ ला खारकोपरपर्यंत लोकल आली, १२ जानेवारी २०२४ ला ती उरणपर्यंत गेली. सोय झाली, नाही कोण म्हणतो? पण ही गाडी जाते नेरूळ-बेलापूरकडे. लोकलने पनवेलला जायचे तर आधी खाडी ओलांडून बेलापूर गाठायचे, तिथे उतरून पनवेलची गाडी धरायची. आपल्या मार्गावर गाड्या कमी, एक चुकली की बराच वेळ फलाटावर. रस्त्याने जावे तर गव्हाण फाट्याकडे कंटेनरच्या रांगा. त्यात पावसाळा असला तर विचारूच नका. अटल सेतूचे उद्घाटनही त्याच १२ जानेवारीला झाले, पण त्यावर रिक्षा आणि दुचाकीला बंदी. दारात विमानतळ आला. आपल्याच तालुक्याच्या कचेरीत जायला मात्र दोन गाड्या.

म्हणून इथल्या बाईला फेरी फुकट जाणे परवडत नाही. तिकीट थोडेच असते. खरा खर्च म्हणजे बुडालेली मजुरी, न विकलेली मासळी, शेजारणीकडे ठेवलेले मूल. आणि बऱ्याच फेऱ्या फुकट जातात त्या तोंडी सांगण्यामुळे.

आमच्या एका गटाला बचत खाते उघडायचे होते. एका बँकेत सांगितले, “दहाही जणींना घेऊन या, सगळ्यांची केवायसी लागेल.” दहा जणी गेल्या म्हणजे दहा रोज बुडाले. तिथे गेल्यावर सर्व्हर बंद! रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की गटाचे बचत खाते उघडताना सगळ्या सदस्यांची केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. कर्ज घेताना इतरांची कागदपत्रे मागू शकतात, ती गोष्ट वेगळी. पुढच्या खेपेला आम्ही हा नियम लिहून अर्जाला जोडला आणि तिघीच गेल्या. खाते उघडले.

लाडकी बहीण योजनेचे दिवस सगळ्यांना आठवत असतील. १ जुलै २०२४ ला अर्ज सुरू झाले. पहिल्या यादीत अधिवास दाखला आणि उत्पन्नाचा दाखला होता, मुदत १५ जुलैची. सेतू केंद्रावर आणि तहसीलला रांगाच रांगा. दोन-तीन दिवसांतच अटी बदलल्या. अधिवास दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल असे ठरले. पिवळे-केशरी रेशनकार्ड असलेल्यांना उत्पन्नाचा दाखला लागणार नव्हता. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पण बदल गावापर्यंत पोचेतो कित्येकींचा दिवस रांगेत गेला, काहींनी एजंटलाही पैसे दिले. तेव्हापासून कुठलीही योजना आली की आम्ही दोन दिवस थांबतो, छापील यादी मिळवतो आणि मगच बायांना पाठवतो.

स्टॅम्पपेपरचेही तसेच. जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. ही माफी २००४ पासूनची. २०२४ मध्ये इतर कामांचा स्टॅम्प १०० चा ५०० झाला, तेव्हा दाखल्यांनाही ५०० चा मागू लागले. २०२५ मध्ये सरकारला पुन्हा सांगावे लागले, की या कामाला स्टॅम्प नको.

आता कायद्याचे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. त्यात कार्यालयाने फलक लावायचा असतो: कोणती सेवा, कोणते कागद, किती फी, किती दिवस, कोण अधिकारी, आणि अपील कोणाकडे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस धरलेले आहेत. आपल्यापैकी किती जणींनी हा फलक वाचला आहे? आम्ही बैठकीत विचारले तेव्हा दोनच हात वर आले. बहुतेक ठिकाणी तो कपाटामागे किंवा जिन्यात असतो, हेही खरे.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पोच. अर्ज दिला की तारीख आणि क्रमांक असलेली पोच द्यावीच लागते. मुदत मोजली जाते ती सगळ्या कागदांसह अर्ज घेतल्यापासून. म्हणूनच “एक कागद कमी आहे” हे वाक्य फार महाग पडते. अर्ज आत गेलेलाच नसतो, मग दिवस मोजायचे कुठून? असे कुणी म्हणाले तर भांडू नका. “साहेब, कोणता कागद ते एवढं अर्जावर लिहून द्या,” असे म्हणा. आमचा अनुभव असा, की लिहायची वेळ आली की पाचांतले दोन कागद आपोआप गळतात. खिडकीपलीकडच्या माणसालाही दिवसभर तेच तेच सांगावे लागते, त्यामुळे आवाज चढवून काही मिळत नाही.

नावाचा घोळ तेवढा आधीच निस्तरा. आधारवर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आणि पासबुकात तिसरेच स्पेलिंग. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवला की दोन्ही नावांना जोडणारा कागद हाताशी राहतो. गावात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते.

मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. नाकारण्याचे कारण लेखी देणे त्यांना बंधनकारक आहे. त्यानंतर दुसरे अपील आणि तिसरे राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अर्ज केला असेल तर अपीलही तिथूनच होते. त्याला बेलापूरला गाडी बदलावी लागत नाही.