घोडीवर चढविलेली गाडी व चालू इंजिन : घ्यावयाची दक्षता

बैलगाडीच्या कण्याला वंगण घालावयाचे असले म्हणजे शेतकरी गाडीचा एका बाजूचा भार टेकूवर घेतो, चाक काढतो, वंगण भरतो आणि चाक पुन्हा जागेवर बसवितो. ह्या कामात गाडी आपण होऊन हालत नाही, कारण बैल आधीच सोडलेले असतात. मोटारगाडीची गोष्ट निराळी आहे. तिचे बैल तिच्या पोटातच असतात. टेकूवर घेतलेल्या गाडीचे इंजिन सुरू करणे म्हणजे एका बाजूने उचललेल्या गाडीला बैल जुंपण्यासारखेच होय.

आज वाडीवस्तीवर जीप, पिकअप आणि ट्रॅक्टर दिसू लागले आहेत. गॅरेज मात्र बहुधा तालुक्याच्या गावी असते. साहजिकच किरकोळ तपासणी खळ्यावरच करण्याकडे शेतकऱ्यांचा कल असतो. काही दोष इंजिन चालू असल्याशिवाय कळत नाहीत. चाकाच्या बेअरिंगची घरघर, प्रोपेलर शाफ्टची थरथर, गिअरबॉक्सच्या सीलमधून होणारी तेलगळती ही त्यांची उदाहरणे होत. अशा वेळी गाडी उचलून इंजिन चालविणे अयोग्य आहे असे नाही. परंतु त्यासाठी एक नियम कोणत्याही परिस्थितीत मोडता कामा नये : चालू इंजिनाच्या गाडीखाली माणूस नको, आणि माणूस खाली असता इंजिन चालू नको. पुढील सर्व सूचना ह्या एका नियमाच्या आधारानेच वाचाव्यात.

आधी गरज तपासावी

पुष्कळ दोष इंजिन बंद ठेवूनही सापडतात. चाक अधांतरी असता ते हाताने फिरवून पाहावे. बेअरिंग खराब असेल तर खरखर हाताला जाणवते, आणि ब्रेक घासत असेल तर चाक जड फिरते. चाक वर-खाली धरून हालविले असता बेअरिंगमधील ढिलेपणाही कळतो. हाताने जे कळते त्यासाठी इंजिन सुरू करण्याचे कारण नाही.

जॅक उचलतो, घोडी धरते

जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. तेलाच्या जॅकमध्ये सर्व भार तेलाच्या दाबावर तोललेला असतो. आतील सील झिजले किंवा झडप किंचित ढिली राहिली, तर तेल मागे सरकते आणि गाडी हळूहळू किंवा एकाएकी खाली येते. गाडीबरोबर मिळणारा स्क्रूचा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो. त्याचे बूड अरुंद असते, आणि गाडी चार बोटे पुढे सरकली तरी तो आडवा होतो. जॅकवर असलेल्या गाडीचे इंजिन सुरू करू नये असे गाड्यांच्या माहितीपुस्तिकांतून सांगितलेले असते, ते ह्याच कारणाने.

म्हणून गाडी जॅकने उचलल्यावर तिचा भार जॅक स्टँडवर, म्हणजेच लोखंडी घोडीवर, उतरवून घ्यावा. घोडीत भार लोखंडी खिळीवर किंवा दात्यांवर टेकलेला असतो. तेथे गळण्यासारखे काही नसते. घोड्या नेहमी जोडीने वापराव्यात. घोडीवर भारक्षमता लिहिलेली असते. ती एका घोडीची आहे की जोडीची, हे नीट वाचून घ्यावे. विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे किंवा रचलेले दगड ह्यांवर गाडी कधीही ठेवू नये. विटेवर भार असता ती वाकून इशारा देत नाही, एकदम फुटते. आणि चालू इंजिनाच्या कंपनाने ह्या धोक्यात भरच पडते.

जमीन आणि भार

काळ्या जमिनीत घोडीचे पाय रुततात. हे किती सहज घडते ते साध्या हिशेबावरून दिसेल. दीड टन वजनाच्या गाडीचा अर्धा भार मागील बाजूस धरला, तर दोहोंपैकी प्रत्येक घोडीवर ३७५ किलो भार येतो. घोडीच्या चार पायांचे तळवे प्रत्येकी ५ सेंटिमीटर लांब-रुंद असतील, तर तो भार अवघ्या १०० चौरस सेंटिमीटर जागेवर पडतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पावणेचार किलो. त्याच घोडीखाली ४० सेंटिमीटर लांब-रुंद, जाड व न वाकणारी फळी घातली, तर जमिनीवरील दाब सोळाव्या हिश्श्यावर येतो. शक्य तर काँक्रीटची सपाट जागा निवडावी. ती नसेल तर घट्ट, कोरडी व समतल जमीन पाहून जाड फळी घालावी. उतारावर हे काम करूच नये. पिकअपमधील माल आधी उतरवून घ्यावा.

घोडी लावावयाची जागा ठाऊक असली पाहिजे. मागे अखंड धुरा असलेल्या जीपगाडीत घोड्या धुऱ्याच्या नळीखाली, चाकांच्या शक्य तितक्या जवळ लावाव्यात. मोटारीत माहितीपुस्तिकेत दाखविलेल्या ठिकाणीच त्या लावाव्यात. इंजिनाची तेलटाकी किंवा पातळ पत्रा ह्यांखाली टेकू देऊ नये. पुढील चाकांनी ओढणाऱ्या मोटारीत चाके फिरवून पाहावयाची असता ती खाली लोंबकळत राहिली, तर चाकांकडे जाणारे शाफ्ट तिरपे होऊन त्यांचे सांधे बिघडतात; अशा गाडीची चाचणी गॅरेजमध्येच करून घेणे इष्ट.

घोड्यांवर भार उतरविल्यानंतर गाडीला बाजूने हाताने जोराने ढकलून पाहावे. ती डुगडुगली, तर घोड्या पुन्हा नीट लावाव्यात. जॅक काढून न घेता नुसता टेकवून ठेवावा, आणि एखादे सुटे चाक सांगाड्याखाली आडवे सरकवून ठेवावे. घोडीने दगा दिलाच तर गाडी त्या चाकावर अडकेल.

कोणती चाके ओढतात?

इंजिन सुरू करण्यापूर्वी आपली गाडी कोणत्या चाकांनी चालते हे निश्चित माहीत असले पाहिजे. पूर्वीची अँबॅसडर मागील चाकांवर चाले. मारुती ८०० पुढील चाकांवर. मागील चाके ओढणारी गाडी मागून उचलली म्हणजे हातब्रेकचा उपयोग संपतो, कारण बहुतेक गाड्यांत तो मागील चाकांनाच लागतो आणि ती तर हवेत असतात. तेव्हा जमिनीवर राहिलेल्या पुढील दोन्ही चाकांच्या पुढे व मागे भक्कम लाकडी पाचरी ठोकाव्यात. पुढील चाके ओढणारी गाडी पुढून उचलली असता मागील चाकांचा हातब्रेक कामी येतो. तरीही पाचरी लावाव्यातच.

जुन्या जीपगाड्यांत हातब्रेक चाकांना न लागता मागील धुऱ्याकडे जाणाऱ्या शाफ्टला लागत असे. अशा जीपचे मागील एकच चाक उचलले, तर शाफ्ट अडलेला असूनही डिफरन्शिअलमुळे दोन्ही चाके उलटसुलट फिरू शकतात आणि ओढलेला हातब्रेक गाडीला धरू शकत नाही. स्वयंचलित गिअरच्या गाडीतील पार्किंगच्या खुंटीचीही हीच गत होते.

चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीत सर्वांत मोठा धोका असतो. मागील चाके घोडीवर आणि पुढील जमिनीवर असता गिअर टाकला, तर पुढील चाके गाडीला घोडीवरून खेचून नेतात. ज्या जीपमध्ये चार चाकांचा वेगळा दांडा असतो, तेथे तो दोन चाकांच्या स्थितीत आहे ह्याची खात्री करून घ्यावी. ज्या गाडीत चारही चाके कायम जोडलेली असतात, तिची अशी चाचणी खळ्यावर करू नये.

एक चाक दुप्पट फिरते

डिफरन्शिअलचा आणखी एक गुण ध्यानात ठेवावा. दोन चाकांपैकी एक अडले, तर दुसरे दुप्पट वेगाने फिरते. जुन्या गाड्यांतील वेगदर्शक काटा गिअरबॉक्सकडून चालतो, म्हणून तो दोहोंची सरासरी दाखवितो. काटा ४० वर असता एक चाक थांबलेले असेल, तर दुसरे ८० च्या वेगाने फिरत असते. ह्यास्तव ओढणारी दोन्ही चाके उचलूनच चाचणी घ्यावी, आणि ती पहिल्या गिअरमध्ये, इंजिन मंद ठेवूनच घ्यावी. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल आणि पहिल्या गिअरमध्ये एकूण उतार पंधरास एक असेल, तर चाक मिनिटाला सुमारे ५३ फेरे घेते. तेच इंजिन २,००० फेऱ्यांवर नेऊन वरचा गिअर टाकला आणि उतार चारास एक झाला, तर चाकाचे ५०० फेरे होतात. पहिली चाचणी तपासणीची आहे; दुसरी अपघाताची.

सुरू करणे व थांबविणे

टायरला चिकटलेला चिखल आणि नक्षीत अडकलेले खडे आधी काढून टाकावेत. फिरत्या चाकातून खडा गोफणीसारखा सुटतो. चाके काढलेली असतील तर ब्रेकचे ड्रम नटांनी पक्के आवळावेत. ड्रम काढलेला असता ब्रेकचे पेडल दाबू नये, कारण ब्रेकच्या सिलिंडरमधील पिस्टन बाहेर येतात. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन सुरू करू नये. गाडीखाली कडबा किंवा वाळले गवत नसावे. सायलेन्सरच्या तापलेल्या भागाने ते पेट घेते.

एक माणूस चालकाच्या जागेवर बसलेला असावा व त्याने शेवटपर्यंत तेथून उठू नये. पाहणाऱ्याने बाजूला, दोन पावले दूर उभे राहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे नव्हे. धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर, गळ्यातील दोरा सावरून घ्यावा. मुले व जनावरे दूर ठेवावीत. गिअर न्यूट्रल आहे हे पाहून चावीनेच इंजिन सुरू करावे. गाडीखाली शिरून पेचकसाने स्टार्टरचे टोक जोडण्याची युक्ती कित्येकांच्या अंगवळणी पडलेली आहे. ती प्राणघातक आहे. गिअर चुकून पडलेला असला तर गाडी झेप घेते आणि माणसाला सरकावयासही अवसर मिळत नाही.

क्लच हळू सोडावा, एकाएकी वेग देऊ नये आणि फिरत्या चाकांवर ब्रेक करकचून दाबू नये. तसे केल्यास बसणारा हिसका घोड्यांपर्यंत पोहोचतो. गाडी उभी असल्याने इंजिनाला रस्त्यावरचा वारा मिळत नाही, म्हणून तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे. काम संपताच क्लच दाबून चाके हलक्या ब्रेकने थांबवावी, न्यूट्रल करून इंजिन बंद करावे आणि चावी काढून घ्यावी. जो माणूस गाडीखाली जाणार असेल, चावी त्याच्याच खिशात असावी. विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद झाल्यावरही एकाएकी फिरू लागतो, हेही विसरू नये.

गळती कोठून होते ते चालू इंजिनाखाली जाऊनच दिसते, असे काहींचे म्हणणे असते. ते खरे नाही. शंका असलेले भाग पुसून कोरडे करावेत, खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरावा, पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करावे आणि मग पाहावे. तेलाचा ओघळ आपली वाट स्वतःच दाखवितो. फिरता भागच पाहावयाचा असेल, तर इंजिन सुरू करण्यापूर्वी मोबाइल फोन फिरत्या भागांपासून दूर, गाडीखाली ठेवून चित्रण करावे आणि इंजिन बंद झाल्यावर ते पाहावे.

धुराचे भय

हे काम बंद खोलीत, गोठ्यात किंवा दार लावलेल्या गॅरेजमध्ये कधीही करू नये. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड ह्या वायूला रंग नाही व वास नाही. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही पहिली लक्षणे. त्यानंतर शुद्ध हरपते. डिझेलच्या धुरात हा वायू कमी असला तरी तो धूर निर्धोक नव्हे; २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने त्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. कोणी बेशुद्ध पडल्यास आधी दारे उघडावीत, रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ट्रॅक्टरविषयी थोडे

ट्रॅक्टरचा पुढील धुरा मध्यभागी एका खिळीवर झुलता असतो. त्यामुळे ट्रॅक्टर उचलला असता तो एका अंगाला कलू शकतो. त्यासाठी धुरा व सांगाडा ह्यांमध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकून झुला बंद करावा. मागील टायरमध्ये पाणी भरलेले असल्यास वजन बरेच वाढते. घोडी निवडताना ते हिशेबात धरावे. डावे व उजवे ब्रेक एकत्र अडकवावेत. डिफरन्शिअल लॉक सुटलेला आहे ह्याची खात्री करावी. तो लागलेला असून एकच चाक उचललेले असेल, तर जमिनीवरील चाक ट्रॅक्टरला पुढे ढकलते. पी. टी. ओ. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. तो कपडा गुंडाळू लागला की हात मागे घेण्यास वेळ मिळत नाही. म्हणून ह्या तपासणीत तो बंदच असावा.

कार्यकर्त्यांसाठी

चांगल्या घोड्यांची एक जोडी, चार पाचरी आणि दोन जाड फळ्या एवढी सामग्री शेतकरी गटाने सामाईक घेऊन ठेवली, तर ती साऱ्या गावाला पुरते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत ह्या सामग्रीचे एकदा प्रत्यक्ष प्रात्यक्षिक घडवून आणावे : जमीन पाहणे, पाचरी लावणे, भार उतरविणे, ढकलून पाहणे, चावी खिशात घेणे. तरुण मुले हे काम पाहूनच शिकतात. ती विटांवरची गाडी पाहतील तर तेच करतील. दुरुस्तीला अर्धा तास अधिक लागला तर पेरणी बुडत नाही. घरचा कर्ता माणूस गेला तर मात्र पुढील सर्व पेरण्या बुडतात.