स्तूपासमोर उभं राहून गाताना

अशोक विजयादशमीच्या आठवड्यात नागपूरच्या दीक्षाभूमीभोवतीच्या रस्त्यांवर जो बाजार भरतो, त्यातल्या पुस्तकविक्रीचं कौतुक वर्तमानपत्रं दरवर्षी करतात. ते रास्तच आहे. पण त्याच रस्त्यांवर गाण्यांचाही बाजार असतो आणि त्याकडे मात्र बहुतेक जण कानावर हात ठेवून पुढे जातात, कारण शेजारशेजारचे भोंगे एकाच वेळी वेगवेगळी गाणी वाजवत असतात. थोडा धीर धरून भोंग्यामागच्या टेबलांकडे पाहावं. तिथला माल कसकसा बदलत गेला ते पाहिलं तर भीमगीतांचा, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांवरच्या गाण्यांचा, सगळा प्रवास त्यात सापडतो. आधी चार-आठ पानी गीतपुस्तिका होत्या, मग कॅसेटी आल्या, मग व्हीसीडी, आणि अलीकडे मेमरी कार्डात किंवा पेनड्राइव्हमध्ये भरून मिळणारी गाणी.

गावाकडच्या कष्टकऱ्यांचं गाणं, त्याची स्वतःची बाजारपेठ आणि स्वतःच्या चित्रफिती, असं दुसरं जग शोधायचं तर मला थायलंडकडे पाहावं लागतं. तिथे ‘लूक थुंग’ म्हणजे शेतशिवारातल्या लेकरांचं गाणं. ईशान या ईशान्येकडच्या भागातून बँकॉकला मजुरीला आलेल्या माणसांनी ते डोक्यावर घेतलं. भातखाचरं, मागे राहिलेली प्रेयसी, शहरातला अपमान हे त्याचे विषय. रंगमंचावर मात्र पिसं आणि चमकी लावलेल्या नर्तकींचा ताफा! या प्रकाराची राणी पुम्पुआंग दुआंगचान ऊसतोड मजुरांच्या घरातली. तिला लिहिता-वाचता जेमतेमच यायचं, गाणी ती ऐकून पाठ करायची. १९९२ मध्ये वयाच्या तिशीत ती गेली, तेव्हा अंत्यविधीला राजघराण्यातल्या व्यक्ती हजर होत्या. राजकन्या सिरिंधोर्न यांनी लिहिलेलं एक गाणंही तिने गायलं होतं, तेही कच्च्या पपईच्या कोशिंबिरीवर.

या गाण्याला ‘लूक थुंग’ हे नाव रूढ करून दिलं ते १९६४ मध्ये बँकॉकच्या चॅनेल ४ वरच्या एका कार्यक्रमाने. म्हणजे दूरचित्रवाणीने तिथे गावच्या गाण्याला घरात घेतलं, पुढे राजदरबारानेही घेतलं. आपल्याकडे नेमकं हेच घडलं नाही. भीमगीतांना सरकारी माध्यमांत जागा मिळाली ती प्रामुख्याने जयंती आणि महापरिनिर्वाण दिनापुरती. म्हणून हे गाणं जगलं ते स्वतःच्या पंचांगावर: १ जानेवारीचं भीमा कोरेगाव, १४ एप्रिल, विजयादशमीची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरची चैत्यभूमी. आजही नवी गाणी याच तारखा धरून निघतात.

मुळात हे गाणं जलशातलं. सत्यशोधक जलशाच्या वाटेने भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्यानंतर आले वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस अक्षरं शिकला तोच मोठेपणी, मुंबईत. ३ मे १९४३ हा त्यांच्या पहिल्या गीताचा दिवस मानला जातो आणि ते गीत होतं एका सिनेगीताचं विडंबन. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. सिनेमाच्या चालीवर भीमगीत बांधतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की ओळखीची चाल घेतली की श्रोत्याला फक्त शब्द शिकावे लागतात. ज्या वस्तीत पेटी-तबल्याची चणचण, तिथे चाल बाहेरून फुकट मिळत असेल तर ती का सोडायची?

कॅसेटने या गाण्याचं रूप पालटलं. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर स्वस्त झाला, छोट्या कंपन्या उगवल्या आणि ध्वनिमुद्रणावरची मोजक्या बड्या कंपन्यांची पकड सुटली. पीटर मॅन्युएल या संशोधकाने १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’मध्ये उत्तर भारतातला हा उलथापालथीचा काळ नोंदवला आहे. आपल्याकडे त्या काळाचा आवाज म्हणजे प्रल्हाद शिंदे. पंढरीच्या वाटेवरही तेच वाजत, दीक्षाभूमीच्या वाटेवरही तेच. विठ्ठलगीतं, कव्वाली, भीमगीतं, सगळीकडे तोच खडा, उघडा गळा. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ मध्ये, महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने गेले. आनंद आणि मिलिंद शिंदे व पुढे आदर्श शिंदे यांनी तो गळा सिनेमापर्यंत नेला.

नागपूरची चव यात वेगळी आहे. हे शहर मध्य प्रांताची राजधानी होतं, हिंदी इथे घरचीच. शिवाय दीक्षाभूमीवर छत्तीसगडपासून तेलंगणापर्यंतची माणसं येतात. त्यामुळे इथल्या मंचावर मराठी गीताला लागून हिंदी कव्वाली येते आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. टाळ्यांचा ठेका, सवाल-जवाब, मध्येच शेर आणि मग बाबासाहेबांच्या नावावर उठणारी पट्टी! नागोराव पाटणकरांसारखे कव्वाल या रंगाचे.

मग चित्र आलं. दोन दशकांहून अधिक काळ बांधकाम चाललेल्या दीक्षाभूमीच्या स्तूपाचं उद्घाटन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते १८ डिसेंबर २००१ रोजी झालं. व्हीसीडी स्वस्त होऊन वस्त्यांमध्ये पोचली तीही याच सुमारास. हा योगायोग खरा, पण त्यातून भीमगीताच्या चित्रफितीची भाषा ठरून गेली. थाई गायिकेच्या मागे भातशेत नि म्हैस असते, आपल्या गायकाच्या मागे हा पांढरा घुमट. पांढरे कपडे, निळे झेंडे, पायऱ्यांवर ओळीने उभ्या मुली. कॅमेऱ्याची कारागिरी बेताचीच, हे कबूल. पण ज्यांची तोंडं दुसऱ्या कुठल्याच पडद्यावर दिसत नव्हती, त्यांना त्यात आपली गल्ली, आपली आई, आपला विहार दिसला. मागे खोटा स्वित्झर्लंड लावायची गरजच पडली नाही.

दूरचित्रवाणीने घरात घेतलं नाही, तेव्हा लोकांनी आपलं दूरचित्रवाणीचं घरच बांधलं. लॉर्ड बुद्धा टीव्ही आणि आवाज इंडिया या दोन्ही वाहिन्या नागपूरच्या. त्यातल्या पहिल्या वाहिनीचा उद्घाटन समारंभ २६ नोव्हेंबर २०१० रोजी दीक्षाभूमीवर झाला. ‘जांभूळ आख्यान’वाले लोकशाहीर विठ्ठल उमप त्यासाठी आले होते. मंचावरच ते कोसळले आणि गेले. वय ७९. जलशाच्या परंपरेतला हा गळा उपग्रह वाहिनीच्या दारात थांबला.

यूट्यूबने या वाहिन्यांचीही मक्तेदारी ठेवली नाही. पुम्पुआंगची आठवण यावी अशा कडूबाई खरात एकतारीवर दारोदार गात पोट भरायच्या. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) या बाईंचं गाणं कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि ते महाराष्ट्रभर फिरलं. ना स्टुडिओ, ना नर्तकी. स्तूपाची पार्श्वभूमीही नाही. नागपुरातल्या पोरांच्या मोबाइलमध्ये त्यांचा आवाज असतो, आणि त्याच मोबाइलमध्ये १३ एप्रिलच्या मध्यरात्री संविधान चौकात वाजणारं डीजे मिश्रणही. जुने श्रोते म्हणतात, त्या ठोक्यात शब्द बुडतात. तक्रार खरी आहे. जलशात शब्दच मुख्य होता.

मला त्याहून मोठं नुकसान दिसतं ते कवीचं. कॅसेटच्या वेष्टनावर, कितीही बारीक अक्षरात का होईना, गीतकाराचं नाव छापलेलं असे. आता वामनदादांची रचना कुणीही गातं, खाली नाव गायकाचं आणि वाहिनीचं. उलट सिनेमाच्या चालीवरचं गीत यूट्यूबवर चढवलं की तिथलं यंत्र चाल ओळखतं आणि तिच्या मालकाला त्याचा हक्क मिळतो. शब्द कुणाचे, हे ओळखणारं यंत्र नाही.

आणि पैसा? तो चित्रफितीतून फारसा येतच नाही. थायलंडमध्ये गाणं फुकट बघायला मिळतं आणि ताफ्याला मंचावर बोलावण्याचे पैसे पडतात. इथेही गणित तेच. म्हणून भीमगीताच्या चित्रफितीत कोपऱ्यात स्तूप असो वा नसो, खालच्या पट्टीवर कार्यक्रमासाठी संपर्क म्हणून मोबाइल नंबर असतोच. एप्रिलच्या तारखा महिनोन्‌महिने आधी जातात, आणि एरवी तोच गायक लग्नाच्या वरातीत बँडसोबत सिनेमाची गाणी गातो.