बांधाला खांड पडते तेव्हा

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे येतात. पण कशेळी-काल्हेरच्या बाजूला उल्हास नदीची खाडी आहे, हे विसरून चालणार नाही. कोकणात अशा खाड्यांच्या काठी पूर्वीपासून मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवले गेले आणि आत भात पिकवला गेला. पावसाचे पाणी बाहेर सोडायला बांधात उघाडी असते. या खाचरांत भाताबरोबर बेडूक, चतुर, बगळे असे बरेच जण नांदतात. एका जागी राहून एकमेकांवर परिणाम करणाऱ्या अशा जातींच्या मेळ्याला 'समुदाय' म्हणतात.

आता समजा, बांधाला खांड पडली आणि ती कोणी बुजवली नाही, तर?

भरतीबरोबर खारे पाणी आत येते. भात जातो, गोड्या पाण्यातले तण जाते, बेडकांनाही खारेपणा सहसा सोसत नाही. उघड्या चिखलावर मोरस दिसू लागते, मग तिवर. तिवराचे बी झाडावर असतानाच रुजायला लागलेले असते. ते तरंगत येते, पण लाटांनी न हलवलेले काही दिवस मिळाले तरच मूळ धरते. खेकडे बरीच रोपे फस्त करतात. वाचलेली रोपे मोठी झाली की चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर काढतात. (तिवराचे पान चाटून पाहा. झाडाने बाहेर टाकलेले मीठ जिभेला लागते.) मुळांत पाणी मंदावते, गाळ बसतो, जमीन हळूहळू उंचावते. गंमत अशी, की रोपे खाणाऱ्या खेकड्यांचीच बिळे मोठ्या झाडांच्या मुळांपाशी हवा पोचवतात!

या बदलाला अनुक्रमण म्हणतात. समुदाय एखाद्या प्राण्यासारखा वाढून ठरलेल्या प्रौढ अवस्थेला पोचतो, असे अमेरिकेतील फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ साली मांडले. १९२६ मध्ये हेन्री ग्लीसन यांनी ते खोडले: प्रत्येक जात आपापल्या सोयीने येते, बी कुठून आले आणि कधी आले यावर बरेच ठरते. आमचा कल ग्लीसनकडे आहे. शेत फार सखल असेल, पाणी साचूनच राहत असेल, तर शेजारी कितीही तिवरे असोत, तिथे ती रुजत नाहीत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यात वेळ महत्त्वाची. खांड लवकर बुजवली तर पावसाचे पाणी मीठ धुऊन नेते आणि भात परत घेता येतो. तिवरे उभी राहिल्यावर मात्र प्रश्न बदलतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील खारफुटीची तोड थांबवली आणि २०१८ च्या निकालात ही बंदी कायम केली. शेत त्याचेच, पण त्यावरची झाडे आता त्याला तोडता येत नाहीत. खारफुटी वाचावी असेच आम्हांला वाटते, पण त्याचे नुकसान खोटे नाही.

काही ठिकाणी भात नाही आणि तिवरही नाही, नुसता डबराचा भराव असतो. तिथेही पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो, मागोमाग एरंड. शाळेजवळ असा भराव असेल तर मुलांना दोरीने एक मीटरचा चौकोन आखू द्या आणि जुलैत व डिसेंबरात त्यातल्या जाती मोजायला सांगा.