काट्याची परीक्षा

सोनाराचा काटा सदोष असला, तर त्यावर केलेले प्रत्येक वजन चुकते. आणि ही चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणूनच मापनाच्या साधनाने इतरांचे माप घेण्यापूर्वी त्याची स्वतःची परीक्षा व्हावी लागते.

तारेतून वाहणारी वीज डोळ्यांना दिसत नाही. विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते, असे 1820 साली डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांना आढळले. या शोधातून सूक्ष्म प्रवाह दाखविणारे उपकरण जन्मास आले. इटलीतील शास्त्रज्ञ गॅल्व्हानी यांच्या नावावरून त्यास गॅल्व्हानोमीटर म्हणतात. त्याच्या एका प्रकारात लोहचुंबकाच्या ध्रुवांमध्ये बारीक तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रवाह वाहू लागला, की वेटोळे वळते आणि त्यास जोडलेला काटा पट्टीवर सरकतो.

अशा एका उपकरणाचे शून्य पट्टीच्या मध्यभागी आहे आणि 100 मायक्रोअँपिअर प्रवाहाने त्याचा काटा टोकास पोचतो, असे समजू. मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहालक्षावा भाग होय.

पहिली परीक्षा शून्याची. प्रवाह नसताना काटा बरोबर शून्यावर उभा असला पाहिजे.

दुसरी परीक्षा ज्ञात प्रवाहाची. त्यासाठी 1.5 व्होल्टचा विद्युत्घट घेतात. परंतु तो उपकरणास सरळ जोडणे म्हणजे उपकरणाचा घात करणे होय! वेटोळ्याचा रोध 1,000 ओहम असेल, तर त्यातून 1,500 मायक्रोअँपिअर, म्हणजे सोसवेल त्याच्या पंधरापट प्रवाह वाहील. काटा टोकावर आदळून वाकेल. वेटोळेही जळण्याचा संभव असतो. म्हणून घट व उपकरण यांच्यामध्ये 14,000 ओहमचा रोधक जोडतात. एकूण रोध 15,000 ओहम झाला, की प्रवाह 100 मायक्रोअँपिअर होतो आणि काटा टोकाच्या खुणेवर थांबतो.

तिसरी परीक्षा प्रमाणाची. रोधक 29,000 ओहमचा घेतल्यास एकूण रोध दुप्पट, म्हणून प्रवाह निम्मा होतो. काट्याने 50 ची खूण दाखविली पाहिजे. नंतर घटाच्या तारांची अदलाबदल केली, की काटा विरुद्ध बाजूस तितकाच सरकला पाहिजे.

शेवटी घट काढून घेतात. काटा शून्यावर परत आला नाही, वाटेतच अडखळला, तर आत धूळ शिरली असेल किंवा टेकूपाशी घर्षण होत असेल.

मात्र परीक्षा घेणारी साधनेही खरी हवीत. घट जुना होऊन क्षीण झाला असेल, तर निर्दोष काट्यावरही दोषाचा आळ येईल. म्हणून घट ताजा व रोधक खात्रीचा घेतात आणि प्रत्येक परीक्षा पुनःपुन्हा करतात. जो काटा प्रत्येक वेळी तेच उत्तर देतो आणि ते उत्तर हिशेबाशी जुळते, त्याच काट्यावर शास्त्रज्ञ विश्वास ठेवतात.