पानशेत ते तिवरे : मातीच्या धरणांची साठ वर्षं

१२ जुलै आली की पुण्यात १९६१ च्या पुराच्या आठवणी निघतात. लकडी पुलावरून गेलेलं पाणी, नदीकाठच्या पेठांत बसलेले वाडे, नंतर गोखलेनगर-सहकारनगराकडे वसवलेले पूरग्रस्त. आठवणी सगळ्या पाण्याच्या. ज्या मातीच्या भरावातून ते पाणी सुटलं, त्या भरावाचं नेमकं काय झालं होतं, हे मात्र पुण्यात वाढलेल्या माणसालाही सहसा सांगता येत नाही. ते सांगता यायला हवं, कारण तसे हजारो भराव आज महाराष्ट्रभर उभे आहेत आणि त्यांतले बहुतेक पानशेतहून फार लहान, गावाबाहेरचे, कुणाच्या नजरेत नसलेले आहेत.

१९६१ च्या पावसाळ्यात आंबी नदीवरचं हे पानशेत धरण अर्धवट होतं. काम १९६२ मध्ये पुरं व्हायचं होतं. पाणी मात्र वर्षभर आधीच अडवलं गेलं. पाणी सोडायच्या मोरीचा दरवाजा उचलण्याची यंत्रणा नीट बसलेली नव्हती आणि दरवाजा थोडासाच उघडा राहिला होता. भरावाच्या पोटातून जाणाऱ्या या मोरीची कमान सळईविना, नुसत्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची होती. दरवाजातून उसळत घुसणाऱ्या पाण्याचे हादरे तिला सोसले नाहीत. मोरी खिळखिळी झाली, वरची माती आत ओढली जाऊ लागली आणि बरोबर तिच्याच वर धरणाचा माथा खचत गेला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान त्या खचत्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं. त्याच दिवशी खालचं खडकवासल्याचं १८७९ पासूनचं दगडी धरणही त्या लोंढ्यापुढे गेलं.

पाऊस जोराचा होताच. पण पाणी चढून माथ्यावर गेलं, त्याहून अधिक माथाच खाली येऊन पाण्याला मिळाला. चौकशी बावडेकर आयोगाकडे गेली; ती चालू असतानाच न्यायमूर्ती बावडेकरांचा मृत्यू झाला आणि काम न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने पुरं केलं. पानशेत पुन्हा बांधलं गेलं.

पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. पुरंदर, बारामती, इंदापूर, शिरूर, जिथे पाहावं तिथे दुष्काळी कामांवर माणसं माती वाहत होती. रोजगार हमी योजनेतून पुढची कित्येक वर्षं पाझर तलाव आणि लहान मातीचे बंधारे होत राहिले. त्यांनी लाखो घरांची चूल पेटती ठेवली, विहिरींना पाणी आणलं, हे कुणीही विसरू नये. पण योजना कामाला मजुरी देण्यासाठी होती. भराव झाला, हजेरीपट बंद झाला, काम संपलं. पुढची पन्नास वर्षं हा बांध कोण सांभाळणार, याची तरतूद त्या कागदांत फारशी नव्हतीच.

मातीचं धरण सांभाळणं म्हणजे काय, ते बांधाच्या पायथ्याशी उभं राहिलं की कळतं. मातीच्या बांधातून पाणी पाझरतं, पाझरायलाच हवं. त्यासाठीच आत वाळू-खडीची गाळणी असते आणि पायथ्याला दगडी चर असतो. प्रश्न एवढाच की येणारं पाणी निवळ आहे की गढूळ. निवळ असेल तर बांध सहसा ठीक असतो. गढूळ असेल तर पाण्याबरोबर माती निघून चालली आहे, म्हणजे आत पोकळी होते आहे. ग्लासात धरून पाहिलं तरी समजतं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ५ जून १९७६ रोजी टेटन धरणाच्या पायथ्याजवळ सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारच्या आत धरण गेलं. इतका कमी वेळ मिळतो.

बाकीचीही कामं अशीच साधी. भरावावर वाढलेली बाभूळ लहान असतानाच काढायची, कारण मोठं झाड वाळलं की त्याच्या कुजलेल्या मुळांची वाट पाण्याला मिळते. उतारावरचं निसटलेलं दगडी पिचिंग परत बसवायचं, घुशींची बिळं बुजवायची, सांडव्यात झुडपं माजू द्यायची नाहीत. आणि दोन महिने जास्त पाणी मिळावं म्हणून सांडव्यावर पोती टाकून तलावाची उंची वाढवायची नाही. माझ्या मते सगळ्यांत घातक चूक हीच, कारण ती गावाच्या भल्यासाठी म्हणून केली जाते. कोरड्या गावाला तिचा मोह पडतो, हे समजू शकतं. पण पोत्यांनी वाढवलेलं पाणी जोरात चढलं तर ते थेट मातीवरून वाहतं, आणि वाहत्या पाण्यापुढे मातीचा माथा टिकत नाही.

असे भराव फुटणं थांबलेलं नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यातच दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि जनता वसाहतीतली घरं पाण्यात गेली. पुढच्याच वर्षी, २ जुलैच्या रात्री, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. साठा जेमतेम अडीच दशलक्ष घनमीटर, पानशेतच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नाही. भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

दोन्ही वेळा मंत्र्यांनी खेकड्यांचं नाव घेतलं, कालव्याच्या वेळी घुशींचंही. लोक संतापले, हसलेही. मला त्यात दुसरंच दिसतं. प्राणी भरावात बिळं करतात हे खरंच आहे, आणि ते खरं आहे म्हणूनच भरावावर दर आठवड्याला माणूस फिरायला हवा. बीळ रात्रीत धरण फोडण्याएवढं होत नाही. त्याआधी कित्येक महिने ते कुणाच्या तरी नजरेला पडण्यासारखं असतं.

३० डिसेंबर २०२१ पासून धरण सुरक्षा कायदा लागू आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आणीबाणीचा आराखडा, जबाबदार अधिकारी, हे सगळं त्यात आहे. पण तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरमधल्यांना साठा, लांबी अशा काही अटींवर. बहुतेक पाझर तलाव त्याखाली येतच नाहीत. ते जिल्हा परिषदेच्या नाहीतर जलसंधारणाच्या यादीत असतात.

तेव्हा कायद्याची वाट न पाहता गावाला करता येईल ते असं : १ मेच्या ग्रामसभेत तलावाचा विषय घ्यायचा, पावसाळाभर बांधावर फिरणाऱ्या माणसाची मजुरी ठरवायची, आणि सांडवा जूनच्या आत मोकळा करायचा.